डॉक्टरीणबाईंच्या मापाची मोटार

माझी उंची हा सार्वजनिक प्रश्न आहे, असं एक पत्रक मी काढणार होतो. घरच्यांनी काढू दिलं नाही. पण तुम्हीच विचार करा. टांग्याचं छप्पर, छापखान्याचा दरवाजा, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराची न्हाणी, थेटरातल्या खुर्च्यांच्या रांगा, हे सगळं ज्या कुणी बांधलं तो इसम सव्वापाच फुटांचा असणार, आणि बाकीची प्रजाही आपल्याएवढीच असणार असं त्याने परस्पर ठरवून टाकलेलं असणार. ही मोगलाई नाही तर काय? सव्वासहा फुटांच्या माणसाने जायचं कुठे? मी जातो तिथे आधी माझं कपाळ पोचतं आणि आदळतं. कपाळावरचं टेंगूळ लोकांना लाठीमारातलं वाटतं. पूर्वी मी खुलासा करत असे. हल्ली करत नाही.

पत्रकं काढायचं मला व्यसन आहे. दिवसभर एका लहानशा छापखान्यात लग्नपत्रिका आणि दंतमंजनाच्या जाहिराती यांची प्रुफं तपासायची, आणि उरलेल्या कागदावर मालकाची नजर चुकवून आपलं पत्रक छापून घ्यायचं. तुंबलेल्या गटारांवर काढलं, टांग्यांच्या विझलेल्या दिव्यांवर काढलं. राजधानीवर तर किती काढली ते मलाच आठवत नाही. आमचं मध्यभारत सरकार थंडीत ग्वाल्हेरला नि उन्हाळ्यात इंदुरात नांदतं, सासर-माहेर करणाऱ्या सुनेसारखं. माझे वडील सचिवालयात कारकून, तेही फायलींच्या पेट्यांबरोबर जातात आणि येतात. त्यावरचं माझं जळजळीत पत्रक मी ग्वाल्हेरला पाठवलं, तर वडिलांचं उलट टपाली कार्ड आलं: 'वेळेवर जेवत जा.'

माझं प्रत्येक पत्रक 'बंधुभगिनींनो, किती दिवस सहन करणार?' या वाक्याने सुरू होतं. ताई म्हणते, "करताहेत बिचारे. तुला करताहेत ना?"

ताई माझी थोरली बहीण. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला ती बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिल्या खेपेला सासरच्या गावी घात झाला होता. मदत पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण या खेपेला टांग्यातून उतरल्यावर चपला काढायच्याही आधी तिने आईला विचारलं, "डॉक्टरीणबाई आहेत ना इथेच?"

होत्या. पण जायच्या बेतात होत्या.

डॉक्टरीणबाई होळकरांच्या राज्यात नागपूरहून इथे आल्या, तेव्हा तरुण होत्या. निम्मं रामबाग त्यांच्या हातावर जन्मलं, त्यात मीही. उंचीने त्या माझ्या कानाला लागतात. फरक इतकाच की मी बांबू आणि त्या वड. आवाज असा की बाळंतिणीला 'घाबरायचं नाही' असं आत म्हणाल्या की बाहेर ओसरीवर बसलेला नवराही घाबरायचा थांबतो. इंदुरात मोटार हाकणाऱ्या बायका तशा आहेत, पण त्या हौसेने संध्याकाळी हवा खायला निघणाऱ्या. बाई कामाला निघत. पायांत कॅनव्हासचे बूट, शेजारच्या सीटवर औजारांची पेटी, आणि खाली मानपूरच्या पुढे घाटातल्या पाड्यांपर्यंत एकट्या जाऊन येत.

त्यांची गाडी होती एक चिमुकली विलायती. बाई ती चालवत नसत, नेसत. आधी डावा पाय आत, मग अंग, मग एक मोठा श्वास बाहेर, मग उजवा पाय हाताने उचलून आत, आणि शेवटी दार लावायला बाहेरून कुणीतरी. लहानपणी ते दार लावायचा मान मिळावा म्हणून आम्ही पोरं भांडत असू. ती गाडी त्या माघात मानपूरच्या घाटात कायमची बसली. कांद्याच्या ट्रकवर चढून परत आली तेव्हा तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून बाई टांग्याने फिरू लागल्या. टांगेवाला म्हणायचा, "बाईजी, जरा आगे को सरक के बैठो, नहीं तो घोड़ा आसमान देखेगा." बाई म्हणायच्या, "बघू दे की. जन्मभर रस्ताच बघतोय." पण त्यांची कंबर धरली. आणि टांगा जातो कुठवर? पक्का रस्ता संपला की टांगा संपला.

तेवढ्यात नागपूरच्या भावाचा निरोप आला. तिथल्या एका इस्पितळात जागा आहे, राहायला आवारातच घर. ताईला तपासायला आल्या तेव्हा बाईंनी आईला सरळ सांगितलं, "पेशंटपर्यंत पोचताच येत नसेल तर मी इथे काय करू? आखातीज झाली की जाईन म्हणते."

ताईचे दिवस आखातीजेनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, भरत होते. बाईंच्या हातून पेटी घेऊन टांग्यापर्यंत पोचवायला तीच गेली, सातव्या महिन्यात, मी घरात उभा असताना. परत आल्यावर मला म्हणाली, "तू गटारांवर लिहितोस ना रे? मग हे काय कमी तुंबलंय?"

मी पेटलो. मला पेटायला फारसं लागत नाही.

आठवड्याभरात मोटार समिती स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून आमच्या गल्लीतले सुभेसाहेब. होळकरशाहीत ते खरोखरीचे सुभे होते, हाताखाली अख्खा जिल्हा होता. राज्य विलीन झालं, पण सुभेसाहेबांची मान काही विलीन झाली नाही. बाकीचे सभासदही जुन्या दरबारी घरांतलेच, सगळे पेन्शनर, सगळे मफलरवाले. वर्गणीसाठी दारोदार फिरावंच लागलं नाही, लोक घरी आणून देऊन गेले. चिटणीस मी, कारण फुकट छापून आणणारा दुसरा कुणी नव्हता.

पहिल्याच बैठकीत मी आवाहनाचा मसुदा वाचला. 'डॉक्टरीणबाई उंच व धिप्पाड असल्यामुळे त्यांना व्यवस्थित बसता येईल अशीच मोटार...' एवढंच वाचलं आणि सुभेसाहेबांनी चष्मा काढला.

"चिटणीस, बाईमाणसाच्या अंगाची चर्चा सभेत करायची?"

"पण साहेब, आहेत त्या धिप्पाड."

"आहेत हे आम्हाला दिसतं. म्हणून छापायचं?"

"निदान माप तरी विचारावं लागेल. गुडघ्यापासून—"

"आपण काय शिंपी आहोत?"

मी उभा राहून सत्य, संकोच आणि समाजाची दांभिकता यावर बोललो. उभा राहिलो तो दिव्याच्या शेडला लागलो, ती डोलायला लागली आणि सभासद माझ्याऐवजी तिच्याकडे बघत राहिले. ठराव झाला तो असा: 'धिप्पाड' शब्द वगळावा, 'प्रशस्त' हा शब्द घालावा व तो मोटारीस लावावा. शिवाय बाई मानी आहेत, आधी कळलं तर नको म्हणतील, सबब मोटार दारात उभी राहीपर्यंत त्यांना काही कळू देऊ नये. मी निषेध नोंदवला. इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे तो चांगला ठसठशीत नोंदवला गेला. पुढे तो कुणी वाचला नाही.

आता बघा मंडळी, आम्ही काय केलं होतं. जिला गाडीत बसायचं तिला सांगायचं नाही, तिचं माप घ्यायचं नाही, आणि माप हा शब्दही काढायचा नाही. अशा तयारीनिशी आम्ही मोटार शोधायला बाहेर पडलो.

छावणी भागात एका मोटारदलालाचं आवार होतं. राज्यं गेली तशा कितीतरी जुन्या मोटारी तिथे येऊन उभ्या होत्या. दलाल पान खात बाहेर आला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला त्याला वेळ लागला.

"भिया, आपके लिए? आपके लिए तो बस ठीक रहेगी. उसमें खड़े-खड़े जा सकते हो."

"माझ्यासाठी नाही. एका सन्माननीय व्यक्तीसाठी हवी. प्रशस्त पाहिजे."

"परशस्त," तो म्हणाला, आणि पिंक टाकून विचार करू लागला. मग आम्हाला आवाराच्या मागच्या टोकाला घेऊन गेला.

तिथे ती उभी होती. कुण्या जहागीरदाराची जुनी मोटार, रेल्वेच्या डब्याएवढी लांब. मागे मखमली गादी, खिडक्यांना पडदे, पाय ठेवायला वेगळी चौकट, फुलं खोचायला चांदीचा मुलामा दिलेली नळकांडी. मधे एक आडवी काच, नोकरमाणसाने मालकांचं बोलणं ऐकू नये म्हणून. काचेत हुकूम सोडण्यापुरती एक झडप. दलाल म्हणाला, "साब, इसमें तो बारात बैठ जाए, और दुल्हन रूठ के अलग भी बैठ जाए."

सुभेसाहेब आत शिरले. त्यांच्यामागून सगळी समिती शिरली. सगळ्यांनी पाय लांब केले. एवढ्या दिवसांत मी त्यांचे चेहरे इतके सुखी पाहिले नव्हते. सुभेसाहेबांनी झडप सरकवून पाहिली, पडदा ओढून पाहिला, गादीवर हाताने थापट्या मारल्या. "वा," ते म्हणाले. "हिला म्हणतात प्रशस्त." ठराव मागच्या सीटवरच मंजूर झाला. मग त्यांनी आतून काचेवर टकटक केली. मी धावत जाऊन दार उघडलं.

हो, मीच. ज्याने दरबारी मुजऱ्यांवर पत्रक काढलं होतं तो मी, एका हाताने दार धरून, कमरेत वाकून उभा होतो. वाकलो होतो कारण दाराची चौकट खाली होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. 'सरंजामशाहीची मोटार जनतेच्या सेवेत!' मथळा तयार होता. संध्याकाळपर्यंत छापखान्यात जाऊन टाइपाचे खिळे जुळवूनही झाले. हस्तांतराचा समारंभ खजराण्याच्या गणपतीसमोर करायचा, तिथे नव्या गाडीला हार घालून नारळ फोडायचा, बाईंना दर्शनाच्या निमित्ताने आणायचं, असं सगळं ठरवून मी छाती फुगवून घरी आलो.

ताई गव्हाच्या परातीपुढे बसून खडे वेचत होती. मी सगळं वर्णन केलं. मखमल, पडदे, नळकांडी. तिने ऐकून घेतलं.

"पाय पसरायला जागा आहे?"

"ताई, चौरंग मांडून पंगत वाढता येईल."

"कुणाला?"

"म्हणजे?"

"जागा कुठे आहे? पुढे की मागे?"

"मागे."

"आणि बाई कुठे बसणार?"

मी परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुमच्यापैकी पुढे कोण बसलं होतं?" ताईने विचारलं.

पुढे कोण बसणार? सुभेसाहेब जन्मात कधी पुढे बसले नव्हते. सभासदांच्या घरी मोटारी होत्या तेव्हा ड्रायव्हरही होते. त्यांच्या लेखी मोटार म्हणजे मागची सीट. पुढे जे काही असतं ते घोड्यासारखं, ओढण्यापुरतं. आणि मी? मी समतेचा पुजारी, पुढच्या सीटकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं. मी दार धरून उभा होतो.

"उद्या जाऊन बसून ये," ताई म्हणाली. "तू आहेस ना तेवढाच उंच."

"उंची जमेल. बाकीचं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीत पाहिलं. तिथे उन्हं दाखवून घडी घातलेल्या रजया ठेवल्या होत्या.

पुढचं मला सविस्तर सांगायचं नव्हतं, पण आता इथवर आलो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत त्या मोटारीशेजारी ताईने माझ्या पोटाभोवती एक रजई गुंडाळली आणि आईच्या जुन्या लुगड्याने करकचून बांधली. मागून पाहिलं, मान हलवली, आणि दुसरीही बांधली. वरून वडिलांचा घरी राहिलेला जुना कोट. तो पुढून लागेना म्हणून उघडाच राहिला. आईने ताईला एकटीला येऊ दिलं नसतं, पण मी बरोबर आहे म्हटल्यावर सोडली होती. तो सोबती छावणीत काय होऊन बसणार, हे तिला माहीत नव्हतं.

ताई सातव्या महिन्यातली, शेजारी मी नवव्यातला. दलाल पान चघळायचा थांबला.

"भिया, रंगपंचमी तो निकल गई. ये स्वांग काहे का?"

"आम्ही तुमच्या मोटारीची परीक्षा घेतोय," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

"अपन की गाड़ी ने क्या बिगाड़ा है?" तो म्हणाला, पण त्याने दार उघडलं.

पुढची सीट म्हणजे फळी होती. वर काथ्या, त्यावर फाटकं कातडं. पाठ सरळ ताठ, आणि पाठीमागे लागूनच ती काच, म्हणजे सीट मागे सरकायचा प्रश्नच नाही. जहागीरदाराच्या पायांना दिलेली सगळी लांबी ड्रायव्हरच्या पायांतून काढून घेतलेली होती. मला एकदम त्या अनाम ड्रायव्हरचा कळवळा आला. पत्रकाचं पहिलं वाक्यही सुचलं. ते पुरतं सुचेपर्यंत मी आत शिरलो होतो.

शिरलो कसा हे सांगता येणार नाही. श्वास सोडला असेन. आत पोचल्यावर तो परत घेतला आणि तिथेच चुकलं. रजया फुगल्या. स्टेअरिंग त्यांच्यात रुतलं, गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन कानांशी गेले, मान छताला लागून वाकडी झाली, आणि स्टेअरिंगच्या मधोमध असलेलं हॉर्नचं बटण माझ्या पोटात दाबलं गेलं.

ते दाबलेलंच राहिलं.

जहागीरदाराचा हॉर्न होता तो. पूर्वी लोकांना रस्त्यातून बाजूला करायला केलेला. आता त्याने अख्खी छावणी गोळा केली. टांगेवाले आले, कचोरीवाला कढई सोडून आला, शाळेत निघालेली पोरं आली. माझ्या कुठल्याही सभेला एवढी गर्दी झाली नव्हती. सवयीने माझ्या तोंडून निघालंसुद्धा, "बंधुभगिनींनो!" हॉर्नमुळे कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढीच देवाची कृपा.

"उतर ना!" ताई बाहेरून ओरडत होती.

"उतरता येत असतं तर उतरलो नसतो का?"

"लुगडं सोड!"

"हात आत अडकलाय!"

गर्दीत एकजण दुसऱ्याला सांगत होता, "जलोदर है. पेट में पानी भर गया बिचारे के." आणि मग गर्दीच्या मागे एक टांगा थांबला आणि मला लहानपणापासून ओळखीचा असलेला आवाज आला. "बाजूला व्हा. पेशंट कुठेय?"

बाई छावणीतल्या एका पेशंटकडे निघाल्या होत्या. त्या पुढे आल्या, दारातून आत वाकून पाहिलं. त्यांचा आणि माझा चेहरा वीतभर अंतरावर. मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी माझं पोट चाचपलं, कापूस आहे हे त्यांना लगेच कळलं असणार. एक हात माझ्या मानेमागे घातला, दुसरा काखेत.

"अंग सैल सोड. मी सांगेन तेव्हा श्वास बाहेर. पाय झाडू नकोस. डोकं आधी."

"बाई, मी—"

"बोलू नकोस. हं, सोड श्वास. सोड. आता."

मी बाहेर आलो. डोकं आधी, मग एक खांदा, मग रजया, आणि शेवटी, बऱ्याच ओढाताणीनंतर, पाय. हॉर्न बंद झाला. त्या शांततेत मी जमिनीवर बसलो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"जन्मलास तेव्हाही पायच अडकले होते तुझे," बाई हात झटकत म्हणाल्या. मग रजईचं टोक चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी ताईकडे बघितलं. ताईला खोटं बोलता येत नाही. आमच्या घराण्यातला हा रोग आहे. फक्त ती छापून वाटत नाही.

"तुम्ही आहात," ताई म्हणाली.

मग ताईने सगळं सांगितलं: समिती, ठराव, प्रशस्त, झडप, खजराणा. सांगताना तिला हसू येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "तुम्ही जाऊ नये म्हणून. दुसरं काही नाही."

बाईंनी एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडे. "पेशंट खोळंबलीय," एवढंच म्हणून त्या टांग्यात बसल्या आणि निघून गेल्या.

आम्ही घरी आलो. मी रजया हातात धरल्या होत्या. आईने विचारलं तर ताई म्हणाली, "याने बाईंना घालवलं," आणि लगेच, "आम्ही दोघांनी," असं दुरुस्त केलं. जेवताना ती पानात नुसती बोटं फिरवत राहिली. मला आयुष्यात पहिल्यांदा पत्रक लिहावंसं वाटेना. कुणाचा निषेध करणार? रजई बांधून घेणारा माणूस मीच होतो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. ताईला तपासायचा वार नव्हता. त्या ओसरीवरच्या बाकावर बसल्या, बाक करकरला, आणि मला म्हणाल्या, "दोन रजया?"

मी मान खाली घातली.

"एक पुरली असती. दुसरी कुणाची कल्पना?"

"माझी," ताई आतून म्हणाली.

"तरीच. बाईचं माप बाईने जास्तच धरावं." मग माझ्याकडे वळून, "काय रे, एवढं गावभर ओरडतोस. घरी येऊन, बाई, तुम्हाला बसायला किती जागा लागते, एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती? मी दिवसभर बायकांना काय काय विचारते, माहिताय?"

"सुभेसाहेब म्हणाले..."

"सुभेसाहेबांना बोलाव."

सुभेसाहेब आले. मफलर नीट करून कोपऱ्यात बसले आणि पुढचा पाव तास जमिनीकडे बघत राहिले, कारण बाईंनी ओसरीवर उभं राहून आमच्या शिवणाच्या टेपने स्वतःचं माप घेतलं. बसल्यावर पाठीपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, पोटाचा घेर, मांडीची जाडी. प्रत्येक आकडा त्या मोठ्याने सांगत होत्या. "लिहून घे चिटणीस. आणि धिप्पाड लिही. मला प्रशस्त म्हणालात तर याद राखा."

"बाई, म्हणजे तुम्ही..." ताईने दारात येऊन विचारलं.

"आधी गाडी बघू. बसता आली तर नागपूरला कळवते. नाही तर आखातीज आहेच."

त्यानंतर छावणीत जाताना समिती नव्हती. बाई, ताई आणि मी. दलालाने बाईंना पाहिलं आणि पान थुंकून टाकलं, जे तो सहसा करत नाही. आणि मला तेव्हा कळलं की गाडी कशी पाहतात. बाईंनी रंग पाहिला नाही, मखमल पाहिली नाही. दार उघडून आधी ते किती उघडतं ते पाहिलं. बसल्यावर पोट आणि स्टेअरिंग यांच्या मधे मूठ घालून पाहिली. मांडी स्टेअरिंगखालून सहज सरकते का पाहिली. मग पेटी हातात घेऊन उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या.

"बाईजी, बैठने में तो आराम है ना?" दलालाने विचारलं.

"बसायची मला घाई नसते हो," बाई मराठीतच म्हणाल्या. "उतरायची असते."

एकीत मूठ जाईना. एकीत पाय पोचत पण दार अर्धवटच उघडे. शेवटी आवाराच्या भिंतीशी, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकलेली एक जुनी अमेरिकन गाडी निघाली. रंग उडालेला, एका बाजूला पोचे, दिसायला दुष्ट. पण पुढची सीट एकसंध, पाट मांडावा तशी रुंद, आणि खाली लोखंडी पट्ट्यांवर सरकणारी. तरी मूठ जेमतेम जात होती. बाई म्हणाल्या, सीट आणखी मागे घ्या. दलाल म्हणाला, "बाईजी, फिर पीछे वाला कहाँ जाएगा?"

"पीछे कोण बसणार आहे?"

दलालाने आमच्याकडे पाहिलं. पट्ट्यांना नवी भोकं पाडून सीट मागे घेतली गेली. बाई बसल्या. मूठ गेली. दार आतून, स्वतःच्या हाताने ओढून लावलं. ते लागल्याचा आवाज झाला तेव्हा ताईने माझा दंड पकडला होता. बोटं उमटली इतका घट्ट.

बाई काही वेळ समोरच्या काचेतून कोंबड्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मानपूरला जाऊन येऊ. चढ चढली तर कळवते भावाला."

चढ चढली.

खजराण्याला नारळ फुटला, चाकाखाली लिंबू फुटलं. 'सरंजामशाहीची मोटार' हा जुळवलेला मथळा मी स्वतःच्या हाताने मोडला आणि खिळे खणांत परत टाकले. परतताना बाई म्हणाल्या, सुभेसाहेबांना घरी सोडते. सुभेसाहेब सवयीने मागे बसले. मागे आता वीतभर जागा उरली होती. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले, टोपी छताला. शेजारी मी, घडी घातलेल्या छत्रीसारखा. पुढे बाई ऐसपैस, शेजारी त्यांच्या पेटीवर हात ठेवून ताई.

"बाई," मी मागून म्हणालो, "हा मागच्या प्रवाशांवर उघड अन्याय आहे. समितीने याचा..."

"निषेध नोंदवा, चिटणीस," सुभेसाहेब गुडघ्यांतून म्हणाले. समितीच्या कामकाजात आमचं एकमत झालं ते एवढंच.

"उतरा मग," बाई म्हणाल्या. कुणी उतरलं नाही, कारण उतरता येत नव्हतं.

आखातीज येऊन गेली. बाई इथेच होत्या. ताईला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, आणि मी उन्हातून धावत बाईंकडे गेलो. पुढच्या सीटवर त्यांची पेटी होती, तिला हात लावायची माझी छाती नाही. मी मागे शिरलो. रामबागेत आमच्या दारासमोर गाडी थांबली. पुढचं दार उघडलं आणि बंद झालं. मी उजवा गुडघा कानापासून सोडवला, मग डावा. मान तिरकी करून बाहेर काढली, कोपर खिडकीच्या दांडीत अडकलं ते सोडवलं आणि एका पायावर रस्त्यात उभा राहिलो. तोवर बाई आत पोचल्या होत्या, हात धुऊन झाले होते, आणि ओसरीपर्यंत त्यांचा आवाज येत होता: "घाबरायचं नाही. मी आलेय."